आरोग्य सल्लागार ॲम्ब्रोज लॅथ्रप

३ जून, सोमवार. वॉशिंग्टन

आजपासून राष्ट्रीय राजकारणात. खासदार स्ट्राउड साहेबांचं ऑफिस, तिसरा मजला, मुदत दोन महिने. संकल्प केला: रोज पहाटे पाचला उठून धावायचं, संध्याकाळी राज्यघटनेचं वाचन, आणि सुट्टी संपायच्या आत ग्रामीण आरोग्यावर देशाला एक धोरण द्यायचं. धोरण डोक्यात तयार आहे, फक्त लिहायचं बाकी.

ऑफिसच्या मुख्य ओडे बाई. त्यांनी मला फोनपाशी बसवलं. मतदारांचे फोन घ्यायचे आणि एकच वाक्य बोलायचं, ‘आपलं म्हणणं साहेबांपर्यंत पोहोचवतो.’ होही म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. साहेबांचं मत फक्त साहेब सांगणार. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातल्या माणसाला हे काम! शेजारच्या खुर्चीवर दुसरी इंटर्न, कोरीन, वय वीस. ती ते वाक्य दिवसभर न कंटाळता बोलते. महत्त्वाकांक्षा नसली की माणूस सुखी असतो.

४ जून

पाचला उठलो नाही. हवा फार दमट आहे. धावणं सप्टेंबरात.

६ जून, गुरुवार

साहेबांशी पहिली भेट! कॉरिडॉरमध्ये सहा जण उभे होतो. साहेबांनी कॉफीचा रिकामा कप माझ्याच हातात दिला. इतर पाच जण असताना. माणसं वाचता आल्याशिवाय कोणी पाच वेळा निवडून येत नाही. कप दुपारपर्यंत जवळ ठेवला, मग कोरीन विचारायला लागली म्हणून टाकला.

११ जून

ग्रामीण आरोग्यावरचा मेमो पूर्ण. एक्केचाळीस पानं. ओडे बाईंनी एक पान मागितलं होतं, पण त्यांना विषयाची खोली ठाऊक नसावी. संध्याकाळी परत मिळाला. साहेबांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी चुकलंय, एवढाच शेरा. म्हणजे बाकीच्या मजकुरात चूक नाही.

२० जून, गुरुवार, संध्याकाळी

आजची नोंद सविस्तर करतो.

दुपारी सभागृहात मतदान होतं. साहेब आणि ओडे बाई तिकडे. कोरीन एका शाळेच्या मुलांना इमारत दाखवायला गेलेली. आरोग्याचं काम बघणारा माणूस दातांच्या डॉक्टरकडे. ऑफिसात मी एकटा, आणि तेवढ्यात दोघं आली. आमच्याच मतदारसंघातलं, पार टोकाचं, पेल क्रीक नावाचं गाव. ओलेटा ग्रिग्स, तिथल्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स, पन्नाशीची, अंगावर चर्चला जाताना घालायचा निळा ड्रेस. आणि डूली म्हणून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, टोपी हातात धरून. दोघं आळीपाळीने गाडी चालवत आलेली. भेट ठरलेली नव्हती. नियमाप्रमाणे पाणी द्यायचं, ते वाक्य बोलायचं आणि वाटेला लावायचं. पण ओलेटाबाईंनी मला ‘साहेब’ म्हटलं.

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. स्ट्राउड साहेबांच्या खुर्चीत बसलो नाही, टेबलाच्या कडेला टेकलो. तेवढा संयम माझ्यात आहे. नाव विचारलं तेव्हा ॲम्ब्रोज लॅथ्रप सांगितलं. खोटं नाही. ॲम्ब्रोज हे माझं मधलं नाव आणि लॅथ्रप आईच्या माहेरचं. वेन्डल टिब्स या नावाला त्या खोलीत वजनच आलं नसतं. हुद्दा आरोग्य सल्लागार सांगितला. मेमो लिहिलाय, म्हणजे सल्ला दिलाच की.

त्यांचं म्हणणं असं. गावातला प्रसूती विभाग बंद व्हायला आलाय. जुलैत येणाऱ्या विधेयकात खेड्यांतल्या अशा विभागांना मदत देणारं एक कलम आहे. ते टिकलं तर विभाग टिकेल, नाही तर सप्टेंबरात कुलूप, आणि मग बाळंतीण सत्तर मैलांवर न्यायची. गेल्या हिवाळ्यात डूलीने हमरस्त्याच्या कडेला गाडीतच एक बाळंतपण केलं, ओलेटाबाई फोनवरून सांगतायत आणि हा करतोय.

मग ओलेटाबाई म्हणाल्या, “साहेब, एवढं एकच सांगा. ते आमच्या बाजूने मत देणार का?”

मी म्हटलं, “निर्धास्त घरी जा. साहेब तुमच्याच बाजूचे आहेत.”

साहेबांचं मत काय, हे मला माहीत नव्हतं, हे कबूल. पण माझा मेमो वाचल्यावर ते तसंच होणार. तेव्हा मी खोटं बोललो नाही, थोडं लवकर बोललो.

डूलीने माझा हात दोन्ही हातांत धरला. ओलेटाबाईंनी पीचच्या मुरंब्याची बरणी दिली आणि माझं वाक्य लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घ्यायची आयुष्यातली पहिलीच वेळ. माझे विद्यार्थीसुद्धा घेत नाहीत.

२१ जून

मुरंबा संपला. नुसता चमच्याने. कोरीनला बोलावणार होतो, पण ती फोनवर होती.

२७ जून, गुरुवार

मतदारसंघातल्या बातम्यांची कात्रणं रोज सकाळी ओडे बाईंना पाठवायची, हे माझं काम. आज पेल क्रीकच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर, जाड अक्षरात: ‘निर्धास्त राहा! स्ट्राउड यांचे आरोग्य सल्लागार ॲम्ब्रोज लॅथ्रप यांची ग्वाही.’ खाली चर्चच्या पायऱ्यांवर जमलेल्या लोकांचा फोटो. सगळे हसतायत. तीनदा वाचलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

चौथ्यांदा वाचताना ‘ग्वाही’ या शब्दाशी अडकलो.

ओडे बाईंच्या कात्रणांत ती बातमी घातली नाही. संपादकीय निर्णय. बाईंच्या मागे आधीच कामं कमी आहेत का? आईला मात्र पाठवली.

४ जुलै

सुट्टी. आतषबाजी पाहिली. आईचा फोन आला. वडिलांनी ती बातमी टायरच्या दुकानात काचेवर लावलीय. टिब्स का नाही छापलं, असं त्यांनी विचारलं म्हणे. छापखान्याची अडचण असेल, असं मी सांगितलं. वडील मागून बरं म्हणाले. आणखी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे मला चिडता आलं असतं.

९ जुलै, मंगळवार

धोरणात्मक चर्चा. लिफ्टमध्ये साहेब आणि मी, दोघंच. हा योग आपोआप नाही आला, त्यासाठी मी सकाळपासून वर-खाली करत होतो. म्हटलं, सर, खेड्यातल्या बाळंतपणाबद्दल जरा बोलायचं होतं. साहेब म्हणाले, “अरे वा, अभिनंदन. मुलगा की मुलगी?” आणि आमचा मजला आला.

चर्चेचा सूर एकंदरीत अनुकूल.

१२ जुलै, शुक्रवार

नशीब, फोन मीच उचलला. ओलेटाबाई. लॅथ्रप साहेब आहेत का? म्हटलं, बोलतोय.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने त्यांना नोकरी देऊ केलीय. पगार दीडपट. उत्तर आजच द्यायचंय. त्या म्हणाल्या, मला जायचं नाहीये, मी गेले तर विभाग टिकूनही उपयोग नाही, दुसरी नर्स या गावात यायला तयार नाही. पण विभागच टिकणार नसेल तर या वयात मला परत कोण विचारणार? “तुमच्या शब्दावर थांबते. थांबू ना?”

सांगायची वेळ हीच होती. एवढंच म्हणायचं होतं की बाई, मी चुकून बोललो, जा तुम्ही शहरात. कोरीन जेवायला गेली होती, ऐकायलाही कोणी नव्हतं. आणि मी काय म्हटलं? “शब्द दिला म्हणजे दिला.”

का म्हटलं, कळत नाही. आवाज इतका चांगला लागला होता.

सोमवारी ओडे बाईंना सगळं स्पष्ट सांगणार. ठरलं.

१५ जुलै, सोमवार

ओडे बाईंचं डोकं दुखत होतं. आज नको.

१७ जुलै

आज त्यांचं डोकं दुखत नव्हतं. मूड चांगला होता, तो कशाला घालवा.

२४ जुलै, बुधवार

कलम पडलं. साहेबांनी विरोधात मत दिलं.

ऑफिसात टीव्हीवर बघत होतो. मी म्हटलं, हे कसं झालं? कोरीनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हवामान विचारतोय. म्हणाली, साहेब तर मार्चपासून विरोधात आहेत, रेडिओवरसुद्धा बोलले होते, तुला माहीत नव्हतं? मी म्हटलं, माहीत होतं.

माहीत नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं. सात आठवडे त्या मुलीच्या शेजारी बसलोय. नुसतं मान वळवून विचारायचं होतं.

२५ जुलै, गुरुवार

सकाळपासून पेल क्रीकचे फोन. कोणी शिव्या देतं, कोणी रडतं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव. ओडे बाईंनी ती बातमी शोधून काढली आणि सगळ्यांना आत बोलावलं. हा लॅथ्रप कोण? वीस जूनला दुपारी ऑफिसात कोण होतं?

मी म्हटलं, मी खाली कँटीनमध्ये सँडविच आणायला गेलो होतो. दार उघडंच राहिलं असेल, माझी चूक. कोणी तोतया आत शिरला असावा.

तोतया हा शब्द मीच सुचवला. बाईंना पटला. संध्याकाळी ऑफिसचं पत्रक निघालं, ‘या नावाची कोणीही व्यक्ती आमच्याकडे काम करत नाही आणि कधीही करत नव्हती.’ टाइप करायला मलाच बसवलं. स्पेलिंग तपासून घेतलं, एकही चूक नाही.

सुटलो. आता आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही.

२९ जुलै, सोमवार

आज ओलेटाबाईंना फोन करायचा. काय बोलायचं ते पाठ केलं. फोन लावला, पलीकडे त्यांचा आवाज आला, ठेवून दिला. लाइनमध्ये खरखर होती.

खरखर नव्हती. मला शरम वाटते. हे इथे लिहायलाही चार दिवस टाळलंय. या वहीत तरी खरं लिहावं म्हटलं, तर मागची पानं चाळवत नाहीत.

३० जुलै

आईला सांगितलं, ते काचेवरचं कात्रण काढून टाका. का, म्हणाली. म्हटलं, राजकारणात प्रसिद्धी बरी नव्हे. वडिलांनी आधीच काढलंय म्हणे, गुरुवारी. काही बोलले नाहीत का, असं विचारलं. नाही बोलले.

२ ऑगस्ट, शुक्रवार

शेवटचा दिवस. दुपारी आम्हा दोघांसाठी केक होता. केक कापायची वेळ झाली तरी फोन वाजत होता आणि कोरीनच्या हाताला क्रीम लागलेलं, म्हणून मी घेतला.

ओलेटाबाई. मी आवाज जाड केला.

त्या म्हणाल्या, “बाळा, मला साहेब नकोत. तुमच्याकडे एक ॲम्ब्रोज लॅथ्रप होते. त्यांचं पुढे काय झालं, तेवढं सांगशील?”

मी पत्रकातलं सांगितलं. असं कोणी नव्हतं, तो तोतया होता.

त्या म्हणाल्या, तुला तसंच सांगायला सांगितलं असेल, तुझा दोष नाही. पण तो तोतया नव्हता, आम्ही समोर बसलो होतो ना त्याच्या. आमची बाजू घेतली म्हणून त्याला काढलं, आणि वर त्याचं नावच पुसून टाकलं. सगळं गाव हेच म्हणतंय. एवढा शिकलेला मुलगा, आमच्यापायी त्याची नोकरी गेली. गेल्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली, त्याला लवकर दुसरं काम मिळावं म्हणून.

मी विचारलं, आणि तुमचं? तसं विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्या म्हणाल्या, शहरातली जागा भरली. इथल्या वृद्धाश्रमात नर्सचं काम मिळालंय, चालेल. डूलीला त्या रस्त्यावरच्या बाळंतपणाची धास्ती बसलीय, त्याला संध्याकाळी घरी बोलावून काय काय करायचं ते शिकवते.

सांगायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. समोर ओडे बाई केकची बशी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यावर सगळ्यात मोठा तुकडा माझा होता.

“तू ओळखत होतास का रे त्याला?” ओलेटाबाईंनी विचारलं. “स्वभावाने चांगला होता ना?”

मी म्हटलं, “नाही बाई. माझी त्याची फारशी ओळख नव्हती.”