शनिवारचा तास बंद पडू नये म्हणून

मी, गुणवंत सोमाजी दुर्गे, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त गणित शिक्षक, राहणार आलापल्ली, जिल्हा गडचिरोली, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे की नाही याची शंका असेल त्याने मला सतरा नव्वे विचारावे. पैशाच्या बाबतीत मात्र ही बुद्धी एकदा गहाण पडली होती, ते पुढे कलम तीनमध्ये येईल.

पत्नी सरिता २००७ साली गेली. मूलबाळ नाही. काळजी एकच आहे. नववी-दहावीच्या मुलांसाठी आधी शाळेत आणि निवृत्तीनंतर घरी, असा वीस वर्षे चालवलेला पैशाचा तास माझ्यामागे बंद पडू नये. सगळी कलमे त्यासाठीच आहेत.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, सागवानी दारासकट, मी माझी विद्यार्थिनी बुधरी जंगू सिडाम हिला देतो. ती आता तिच्या गावच्या ग्रामसभेचा तेंदूपत्त्याचा हिशेब सांभाळते. अट अशी की दर शनिवारी पुढच्या खोलीत तास भरावा. मागच्या खोलीत तिने शेळ्या बांधल्या तरी माझी हरकत नाही.

कलम २. फळा, दोन सतरंज्या, वजनकाटा आणि तेंदूच्या सत्तर पानांचा एक वाळलेला पुडा, हेही तिलाच. पुडा फेकू नये, माझा पहिला धडा त्यातूनच निघाला. सरळव्याज पुस्तकातून शिकवायचो तेव्हा पोरे जांभया देत. एकदा विचारले, उन्हाळ्यात आईबरोबर पाने तोडता, मग ती विकायच्या फडीवर शंभर पुडे दिले की पैसे कितीचे मिळतात? सगळा वर्ग म्हणाला, पंच्याण्णवचे. पाच पुडे ठेकेदाराचा मुन्शी खराब म्हणून बाजूला काढतो. का काढतो, हे कोणी विचारले नव्हते. "ते तं द्याच लागते, सर," एवढेच उत्तर.

पुढच्या शनिवारी बुधरी वहीचे पान घेऊन आली. तिने घरोघरी जाऊन एकेकाचे पुड्यांच्या नोंदीचे कार्ड पाहिले होते आणि सगळ्या गावाचे एका हंगामात किती पुडे असे जातात ते मांडले होते. नववीतली पोर! तो कागद तिच्या आईने ग्रामसभेत वाचायला लावला. त्यांच्याकडे सगळे गोल बसतात आणि सगळ्यांना पटेपर्यंत उठत नाहीत. दुसऱ्या वर्षीपासून शंभराला शंभरचे पैसे मिळू लागले. मी छत्तीस वर्षे गणित शिकवले, पण त्या पानाइतके सुंदर गणित दुसरे पाहिले नाही.

कलम ३. माझा पुतण्या धनराज याला मी एका कंपनीचे सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र देतो, चौकटीसह. काच पुसून ठेवली आहे.

२००९ साली धनराज त्या कंपनीचा एजंट होता. पाच वर्षांत दामदुप्पट म्हणे. मी स्वतः त्याला शनिवारच्या तासाला बोलावले आणि मुलांसमोर उभे केले. त्याचे भाषण संपल्यावर बुधरी उठली.

"सर, हे पैसे कोनाच्या हाती जाऊन राह्यले?"

मी म्हणालो, "पाहुण्यांना उलट विचारू नये. खाली बस."

ती बसली. मी साठवलेले सगळे त्यात घातले. सर घालतात म्हणून अकरा घरांनी हंगामानंतर मिळणारा तेंदूचा बोनस घातला. बुधरीने तिच्या आईला घालू दिला नाही. दोन वर्षांत कंपनीच्या दाराला कुलूप लागले. धनराजला ते महिनाभर आधी कळले होते, पण त्याने मला सांगितले नाही.

त्या शनिवारी तासाला कोणी येणार नाही असे वाटले होते. बुधरी आली. एका पिशवीत अकरा घरांच्या पावत्या नीट लावलेल्या. "सर, कोनाचे किती, लिवून आनलं." "मी म्हटलं होतं," असे ती तेव्हा बोलली नाही आणि आजतागायत बोललेली नाही. निवृत्तीच्या पैशातून मी अकराही घरांचे पैसे फेडले, ते त्याच यादीवरून. त्या मुलीपुढे मी तेव्हाही लहान होतो, आजही आहे.

कलम ४. निवृत्तीच्या पैशातून उरलेली आणि पुढे पेन्शनमधून वाढवलेली आठ लाखांची मुदत ठेव तासासाठी आहे. व्याजातून खडू, वह्या आणि मुलांना स्वतःचे खाते उघडायला बँकेत नेण्याचे भाडे भागवावे. मुद्दल मोडू नये.

इथे मृत्युपत्र संपणार होते. मंगळवारी साक्षीदार जमले. माझे मित्र वामनराव यांनी चहा यायच्या आतच पेन काढले. बुधरीने त्यांचा हात धरला.

"वाचल्याबिगर सही नाई, भाऊ."

"अवं, गुणवंताचा कागद हाय. त्यात काय वाचाचं?"

"सरांचा हाय म्हनूनच वाचा लागते."

तिच्या ग्रामसभेत कागद तीनदा मोठ्याने वाचल्याशिवाय कोणी अंगठा लावत नाही. तिने माझाही तीनदा वाचला. धनराजच्या कलमाखाली मी लिहिले होते की त्याच्यावर माझा काही राग नाही. ती म्हणाली, "खोटं काऊन लिवता?" मी ते वाक्य खोडले. तिसऱ्या वाचनात ती कलम चारवर थांबली.

"सर, तुमच्या पासबुकात वारस म्हनून नाव कोनाचं हाय? हे पैसे कोनाच्या हाती जातीन?"

प्रश्न तोच, सोळा वर्षांनी. या वेळी मी तिला खाली बसवले नाही. मीच उठलो आणि पासबुक आणले. नाव धनराजचे होते. सरिता गेल्यानंतर बँकेचा अर्ज त्याने भरला होता आणि मी न वाचता सही केली होती. पुढची ठेवही त्याच खात्यावरून झाली, म्हणून तिथेही तेच नाव. वीस वर्षे मी पोरांना सांगत आलो की वारसाचे नाव तपासा. मी मेल्यावर बँकेने सगळे आधी धनराजच्या हाती ठेवले असते आणि बुधरी कोर्टकचेऱ्या करत बसली असती. तास तिथेच बंद पडला असता.

बुधवारी आम्ही बँकेत जाऊन नाव बदलून बुधरीचे घातले. अर्ज मी वाचला, दोनदा.

कलम ५. दरवर्षीच्या पहिल्या तासाला कलम तीन आणि हे पासबुकाचे प्रकरण मुलांना वाचून दाखवावे, माझ्या नावासकट. कोणी पोर मध्येच उठून प्रश्न विचारील, तर वाचणे थांबवून आधी त्याला उत्तर द्यावे.

बुधरीला विचारले, घेशील ना तास? ती म्हणाली, "शनिवारी तं मी येतच असतो, सर."

ठिकाण: आलापल्ली
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:
१. वामनराव लटारू रामटेके, निवृत्त वनपाल. सही, चष्मा लावून, पूर्ण वाचून.
२. मीराबाई भीमराव उराडे, शेजारीण. अंगठा, तीनदा ऐकून.

लिहून देणार:
गुणवंत सोमाजी दुर्गे. सही, वाचून.