कपिलीचा दांडा

सोलापूर,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६

प्रिय कोंडीबा,

सात रस्त्याच्या कुंडलिक सुताराचा रामराम घे. आधी तुझं सांग. छातीतली कळ थांबली का? वैरागचं पाणी जड लागतं म्हणून गेल्या खेपेला कळवलं होतंस, आता पचतं ना? गोजरवहिनींचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं पान गरम करून बांधायचं त्यांनी सोडलंच असेल, कारण मागे लागणारी बाळाबाई इथं आणि त्या तिथं. अंबूचं लेकरू पालथं पडायला लागलं का? जावईबापूंचे डोळे आले होते ते निवळले का? तुझ्या म्हशीचं विचारत नाही. ती तुम्हा सगळ्यांहून धडधाकट असणार, याची मला खात्री आहे. इकडे बाळाबाई बरी आहे. माझी बोटं सकाळची वळत नाहीत, पण रंधा हातात धरला की हळूहळू सुटतात. कामच औषध म्हणायचं आणि काय.

पत्र नेहमीप्रमाणे जावईबापूच वाचून दाखवत असतील. तर बापू, हे मोठ्यानं वाचा, घरात सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. कपिली चालू झाली. परवा मी तिला सात रस्त्यावरून अक्कलकोट नाक्यापर्यंत नेली आणि परत आणली. वाटेत एकदाच रुसली, तेही पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला म्हणून.

तुला आठवतं का रे, मिलच्या साहेबानं टाकून दिलेला तो सांगाडा आपण बैल जुंपून ओढत आणला होता? लोक हसत होते, की मोटारीला बैल लावलेत. तेव्हा आपण दोघं बैलगाड्याच करत होतो, लाकूड माझं आणि लोखंड तुझं. मोटारीतलं आपल्याला काय कळत होतं? पाट्या वाचत वाचत जशी अक्षरं शिकलो, तसेच हिचे सांधे खोलून खोलून शिकलो. सागवानी टप मी केला, पाटे आणि कड्या तू घडवल्यास, इंजिन मात्र सगळं तुझ्या पोराचं, श्रीमंतचं. तो तिच्याखाली आडवा झाला की जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही त्याला. तांबूस रंग बघून त्यानंच कपिली नाव ठेवलं. अक्कलकोटच्या फेऱ्या सुरू झाल्यावर लोक दुसरी गाडी सोडून हिच्यासाठी थांबायचे.

गेल्या साली कुंभारीच्या पुढच्या मोरीवरून श्रीमंतला घेऊन ती खाली गेली, तेव्हापासून तिथल्याच विहिरीजवळ पडून होती. तू वैरागला निघून गेलास. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी तो रस्ताच सोडला होता. आषाढात बजाबाई आली, कडेवर तुझी नात फुला. उन्हातून कुंभारीहून चालत आलेली. पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. म्हणाली, "आण्णा, तिच्यात शेरडं बसत्यात आता. मला बघवंना झालंय. चालती तर करा, न्हाय तर जाळून तरी टाका." तुझ्या सुनेचा शब्द मला मोडवेना. दुसऱ्या दिवशी बैल घेऊन गेलो.

पुढचा सगळा भाग चेपला होता. पाण्याची टाकी फुटलेली, पुढचं एक चाक मोडलेलं, इंजिनाचं डोकं तडकलेलं. सुटे भाग एकेक करून मागवायचे म्हणजे आयुष्य पुरायचं नाही. मग कळलं की अक्कलकोटच्या अलीकडे मडिवाळप्पा म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या गोठ्यात अगदी तशीच मोटार पडून आहे. त्याच्या मुलानं हौसेनं आणली आणि चिंचेच्या झाडावर घातली. मुलगा वाचला, पण म्हाताऱ्यानं पुन्हा तिला हात लावू दिला नाही. मी गेलो तर मागच्या बैठकीवर कोंबडी खुडूक बसलेली. मडिवाळप्पा म्हणाला, "मोटर ब्याड, एत्तिन गाडी कोडु." मोटार नको, बैलगाडी दे. मी त्याला नवी बैलगाडी करून दिली आणि ती मोटार घेऊन आलो. कोंबडीला मात्र पिलं निघेपर्यंत हलवायचं नाही अशी अट होती, ती मी पाळली. त्या मोटारीचा टप कुजला होता, पण आत इंजिन निर्मळ. टाकी, चाक, इंजिनाचं डोकं, दिव्यांच्या वाट्या, सगळं तिचं काढून कपिलीला बसवलं. जनावर गेलं तरी त्याचं कातडं पायताणाला येतं, तसंच हे.

बापू, आता इथं थांबा. पुढचं पान घडी घालून कोंडीबाच्या हातात द्या. अक्षरं जुळवत का होईना, त्याला वाचता येतं. मी मुद्दाम मोठी काढली आहेत.

कोंडीबा, आता तू एकटाच आहेस ना? गोठ्यात जा, नाहीतर विहिरीवर, पण एकटाच वाच.

स्टेरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा तो आडवा दांडा कपिलीचा मोडला होता. मोरीच्या दगडावर आपटून मोडला असंच आपण सगळे समजत होतो. मडिवाळप्पाच्या मोटारीचा दांडा काढला, तो धनुष्यासारखा वाकलेला. चिंचेचं झाड हललं असेल एवढा तो आदळला, पण मोडला नव्हता. मी म्हटलं, तापवून सरळ करू. तुझ्या भट्टीचं कुलूप काढलं, भाता लावला. मग वाटलं, आधी कपिलीचा मोडका दांडा शेजारी ठेवून माप तरी घ्यावं. घासलेटनं धुतला आणि मोडलेलं तोंड उन्हात धरलं. अर्ध्या तोंडावर नुसता गंज. उरलेल्या अर्ध्यात काळं, मुरलेलं वंगण. पडताना मोडलेल्या लोखंडात वंगण मुरत नाही. ती चीर आधीचीच होती. श्रीमंत फेऱ्या मारत होता आणि ती रोज थोडी थोडी उघडत होती.

ती कुठं होती, ते तुला कळलं असेल. तू केलेल्या जोडाच्या लगत.

आदल्या पावसाळ्यात दांडा मोडला होता, नवा मुंबईहून यायला वेळ लागणार होता आणि दसऱ्याच्या फेऱ्या तोंडावर आल्या होत्या. तू जोड मारलास. घणाचे घाव इतके बेताचे, की जोड कुठं आहे ते सापडू नये. मग आपण कुऱ्हाडीला करतो, पहारीला करतो, तसा लाल दांडा हौदात बुडवलास. घट्ट व्हावा म्हणून. मी भट्टीवर असतो तरी मीही तेच केलं असतं. आपल्याला लोखंड शिकवलं कुऱ्हाडींनी आणि गाड्यांच्या धावांनी, मोटारीचं पोलाद आपल्याला कुणी शिकवलं? तरी माझा विश्वास बसेना. त्या दुसऱ्या मोटारीच्या एका सळईचे दोन तुकडे केले, दोन्ही लाल केले. एक पाण्यात टाकला, दुसरा राखेत निवू दिला. मग ऐरणीवर घातले. राखेतला वाकला. पाण्यातला काचेसारखा फुटला.

गाडी मोरीखाली गेली त्या दिवशीचं तुला मी काय सांगणार. श्रीमंतच्या अंगाला शिंदीचा वास येत होता. तू वाकलास, वास घेतलास आणि ताठ उभा राहिलास. चार माणसांत म्हणालास, "माझा पोरगा पिऊन मेला. मी अग्नी देणार न्हाय." अग्नी बजाबाईच्या भावानं दिला. मग बजाबाईला म्हणालास, की ह्याचं पिणं तू लपवून ठेवलंस, आणि फुलासकट तिला कुंभारीला माहेरी धाडलंस. मी मधे पडलो तर माझ्याशी महिनाभर बोलला नाहीस. शिंदीची घागर मागच्या बैठकीवरच्या बिरप्पा धनगराची होती, ती फुटून सगळी पुढं सांडली होती. पाय मोडून पडलेला तो म्हातारा विव्हळत सांगत होता, "पोराच्या हातात चाक नुसतं फिरत हुतं वो, गाडी ऐकंना झाली हुती." आपण सगळ्यांनी त्याला गप्प केलं. ज्याची घागर त्याची साक्ष कोण धरणार?

तो खरं बोलत होता, कोंडीबा. मी परवा त्याच्या वाड्यावर जाऊन त्याला भेटलो. लंगडतो. म्हणाला, पोरानं शेवटपर्यंत चाक सोडलं नाही, मागं वळून त्यालाच म्हणाला, "बाबा, घट्ट धरा."

वाकलेला दांडा मी तापवला नाही. भट्टी विझवली आणि मुंबईहून नवा मागवला. तोच आता कपिलीला आहे. ती चालू झाली तेव्हा बजाबाई अंगणात उभी होती. तिनं पुढच्या पत्र्यावर हात ठेवला. तिनं विचारलं, आण्णा, मोडलं काय होतं? मी म्हणालो, लोखंड आहे पोरी, मोडतं कधी कधी. तिनं पदर खोचला आणि कुंभारीची वाट धरली.

हे माझ्याजवळच ठेवायचं असं मी ठरवलं होतं. तुझ्या छातीत कळ येते, वय झालं, गेलेला परत येत नाही. पण बजाबाईच्या भावानं तिचा म्होतूर ठरवलाय, मार्गशीर्षात. माणूस मंगळवेढ्याकडचा. त्याला बाई पाहिजे, पोरगी नको. फुलाला तुझ्या दारात आणून सोडायचं चाललंय. बजाबाईला हे दुसरं लग्न नको आहे, पण ती मला म्हणाली, "दारुड्याची बायकू म्हणून सासरी दार बंद झालं, आण्णा. मग कुटंबी गेलं तरी सारखंच की." तिचा नवरा दारुड्या नव्हता, हे तिला सांगायला पाहिजे. मी सांगितलं तर तिला कळेल. तू सांगितलंस तर सगळ्या कुंभारीला कळेल, आणि तिच्यासाठी तुझं दार उघडेल. पण सांगताना तुला जोडाचंही सांगावं लागेल, कारण बजाबाई विचारल्याशिवाय राहणार नाही, आणि अर्धं खरं तिला पुरणार नाही. मी अजून कुणाला बोललो नाही, बाळाबाईलाही नाही, आणि तुझ्या परवानगीवाचून बोलणारही नाही. तू आला नाहीस तर हे माझ्याबरोबर जाईल, श्रीमंत दारुड्याच राहील आणि फुला आईवाचून वाढेल. तुझ्या हातानं काय झालं, ते तुला न कळता तू मरावंस असं मला लई वाटलं रे, कोंडीबा. पण तू त्याला अग्नी दिला नाहीस, निदान त्याचं नाव तरी तुला त्याला परत देता यावं, म्हणून लिहिलं. कपिली घेऊन मी वैरागला येऊ शकतो, किंवा तू बैलगाडीनं ये, जसं तुला सोसेल तसं. मार्गशीर्ष तोंडावर आहे. दोनच ओळी लिही, तुझ्या हातानं लिही, पण लवकर लिही.

तुझाच,
कुंडलिक