चटईची खालची बाजू

प्रिय लेसिएली,

मी इकडे राजधानीत, नुकुआलोफाला नीट पोचले. बोट लागली नाही, गुडघे नेहमीसारखेच. फेलेटीच्या दफनाला तुझ्या भावांनी तीन दिवस भट्टीपुढे राबून सगळ्या गावाचं रांधलं. मी आत्याच्या रीतीप्रमाणे त्याच्या उशाशी बसून राहिले, त्यांचे आभारही मानले नाहीत. माझ्या वतीने तू मान.

त्या दिवशी तू मला एकच विचारलंस, "वन्सं, त्याची चटई कुठंय? तिच्यातच गुंडाळायचंय त्याला." मी म्हणाले, सामानात आली नाही. पस्तीस वर्षं शाळेत खोटं बोलणाऱ्या पोरांना उन्हात उभं केलं, आणि मुलाच्या शवपेटीपाशी त्याच्या आईशी खोटं बोलले. चटई आली होती. माझ्या खाटेखाली आहे.

तुला ठाऊक आहे, जूनमध्ये सरकारने मला समुद्रापार व्हिक्टोरियाला पाठवलं होतं, सफरचंदाच्या बागेत कामाला नेलेल्या आपल्या पोरांचं घर तपासायला. म्हातारी कडक आहे, कोणाला भीत नाही, म्हणून मला निवडलं. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. तिथे माझाच भाचा राहतो आणि आपल्यात आत्यासमोर भाचा गाऱ्हाणं सांगत नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

घर कसं लखलखत होतं! जमिनीवर चटया, भिंतीवर तू केवड्याच्या पातीची विणलेली, लाल लोकरीच्या काठाची. फेलेटी म्हणाला, "आत्या, इथं बस. तिथं नको गं, इथंच!" मला वाटलं, मान देतोय. त्याच्या टोळीतला पेनी म्हणाला, "आत्या येणार म्हणून गडी सकाळपासून दोनदा दाढी करून बसलाय," आणि सगळे खिदळले. अळूच्या पानात नारळाचं दूध घालून शिजवलं होतं, तुझ्यासारखंच. मी विचारलं, काही त्रास? "छे, आत्या! राजवाडा आहे." मग तो खोकला. मी दटावलं, तिकडच्या ऐन थंडीत उघड्या अंगाने हिंडतोस, स्वेटर घाल. तो लगेच घालून आला. आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं : राहण्याची सोय समाधानकारक. खाली सही केली.

शवपेटीबरोबर आलेल्या पेनीने मला विमानतळावर सगळं सांगितलं. सहा जणांच्या घरात चौदा जण राहत होते. मी जाईपर्यंत आठ जण आपापल्या गाद्या घेऊन बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसले होते. चटईमागची भिंत पाझरत होती. पेनी म्हणाला होता, दाखवू या. फेलेटी त्याच्यावर उसळला, "आत्याला ओल आलेलं घर दाखवतोस? लाज नाही वाटत?" त्या भिंतीला लागून तोच झोपायचा. टोळीचा म्होरक्या म्हणून कोरडा कोपरा त्याने लहानांना दिला होता. ऑगस्टमध्ये छाती भरली आणि चार दिवसांत संपलं.

मी चटई उलगडली. वरून तशीच, तुझ्या हातची. खालून बुरशीने काळी, काठाची लोकर कुजलेली. अशा चटईत तुझ्या लेकाला गुंडाळायचं नव्हतं, हे खरं. पण तू ती काळी बाजू पाहून विचारलं असतंस की घर तपासायला कोण गेलं होतं, हेही तितकंच खरं.

येत्या गुरुवारी वीस जणांची नवी टोळी निघतेय, त्याच घरात, माझ्या त्याच सहीवर. पेनीचा धाकटा भाऊ त्यात आहे. मी कचेरीत गेले, सही मागे घेते म्हणाले. साहेब हसून म्हणाला, "बाई, तुमचाच अहवाल आहे ना? दुःखात माणूस काहीही बोलतं." सोमवारी मोठ्या अधिकाऱ्यांपुढे मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यांच्या टेबलावर मला तुझी चटई पालथी घालायची आहे. तुझी विणलेली चीज चारचौघांत घाण बाजूने उघडी पडेल. आपल्यातली कुठलीच बाई हे सोसत नाही, जाणते मी. मयताच्या चटयांतली हवी ती उचलायचा आत्याला हक्क आहे, कोणी विचारणारही नाही. तो हक्क मी जन्मभर न विचारता वापरला. या वेळी मागतेय. शनिवारच्या बोटीने हो किंवा नाही, एवढंच कळव. नाही म्हणालीस तर चटई न धुता, आहे तशी तुझ्याकडे पाठवीन आणि सोमवारी रिकाम्या हातांनी जाईन.

तुझीच,
वाइमोआना