चिंतन कक्षातला खटला

३ मार्च, मंगळवार

प्रुइटने आज मला कॉफी विचारली. म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय. मुलींच्या सुधारगृहाचा हा अधीक्षक एरवी मला नळाचं पाणीसुद्धा विचारत नाही.

ओडेसा टिब्स, वय सोळा. एकटीच्या कोठडीत आज चौतिसावा दिवस – दिवसातले तेवीस तास. गुन्हा काय, तर पहारेकरणीला उलट बोलली. कोठडीच्या दारावर मात्र पाटी आहे, 'चिंतन कक्ष'. मी प्रुइटला म्हटलं, "इतकं छान चिंतन होत असेल तर तुम्हीही बसा की दोन दिवस." तो हसला नाही. वेंडेल खोकल्याचं नाटक करत बाहेर गेला.

वेंडेल माझा सहायक. एकोणीस वर्षं तुरुंगात काढली आणि कायदा तिथेच शिकला. मी कर्ज काढून शिकले. त्याला जास्त येतो.

५ मार्च, गुरुवार

सुधारगृहाच्या वकिलाचं पत्र आलं. कोर्टात जाण्याआधी मुलीने आतल्या आत तक्रार करायला हवी होती – छापील फॉर्मवर, स्वतःच्या हाताने, पाच दिवसांच्या आत. तशी तक्रार झालेली नाही, सबब कोर्टाची पायरी चढू नये.

आणि कोठडीत पेन्सिल न्यायला बंदी! पेन्सिलीचं हत्यार होतं म्हणे. मग पोरीने लिहायचं कशाने, ग्रेव्हीत बोट बुडवून?

मी चरफडत होते. वेंडेल मात्र खूश. "बाईसाहेब, ओरडता काय? पेन्सिलबंदीचा त्यांचाच कागद दाव्याला जोडा. तक्रारीची सोयच नव्हती म्हणायचं. मी आत असताना हेच करून दोनदा जिंकलो."

जोडला.

९ मार्च, सोमवार

दावा दाखल. मागणी एकच – कुठल्याच मुलीला एकटं कोंडायचं नाही. सुनावणी पुढच्या सोमवारी.

दुपारी ओडेसाला भेटले. सुधारगृहाचा शर्ट तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा. म्हणाली, "मिस आयलीन, मी भिंतीशी बोलायला लागले होते. पण तीच कंटाळली." मी हसले, तीही हसली. मग तिने पाण्याचा कागदी पेला उचलला आणि निम्मं पाणी टेबलावर सांडलं. हात थरथरत होते. महिन्यापूर्वी थरथरत नव्हते.

गाडीत बसल्यावर मी प्रुइटला इतक्या शिव्या घातल्या की वेंडेलने काच वर केली.

१५ मार्च, रविवार

चर्चला दांडी. उद्याचं भाषण कुत्र्याला म्हणून दाखवलं. पहिल्या मुद्द्यालाच झोपला. न्यायाधीश हॉल्डेन निदान दुसऱ्यापर्यंत जागे राहतात.

१६ मार्च, सोमवार

मी उभी राहिले, घसा खाकरला, आणि सुधारगृहाचा वकील गोड आवाजात म्हणाला, "न्यायमूर्ती महाराज, त्या मुलीला आज सकाळी सात वाजता वॉर्डात परत पाठवलंय. बाकीच्या कोठड्याही रिकाम्या आहेत."

हॉल्डेननी माझ्याकडे पाहिलं. "आत कुणीच नाही. मग वाद कशाचा, बाई?"

सत्तेचाळीस दिवस कोंडतात आणि सुनावणीच्या सकाळी सोडतात. खटला संपला की पुन्हा कोंडायला मोकळे. हे मी कोर्टाला सांगितलं, जरा फारच स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, आवाज खाली. शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय – दावा का चालवायचा याचं कारण दाखवा, नाहीतर निकाली काढतो.

ओडेसा सुटली याचा आनंद व्हायला हवा. झालाय. पण वीस वर्षांत इतकं मूर्ख मला कुणी बनवलं नव्हतं.

१७ मार्च, मंगळवार

ओडेसाला सांगायला गेलो. केस धुतलेले, वेण्या घातलेल्या. वेण्या मारिसोलने घातल्या म्हणाली. मारिसोल तिच्याच वॉर्डातली, तेरा वर्षांची. भांडली म्हणून तिला पुढच्या आठवड्यात कोंडणार आहेत, असं पहारेकरणी बोलत होत्या.

"ती दिवे गेले तरी रडते, मिस आयलीन. ती नाही टिकणार तिथे. कोर्ट थांबवेल ना?"

मी खरं ते सांगितलं. पहारेकरणींच्या गप्पा कोर्ट धरत नाही; शुक्रवारी बहुतेक दावा निकाली निघेल.

"का?"

"तू बाहेर आहेस म्हणून."

"म्हणजे मी सुटले म्हणून आपण हरलो?"

"असंच काहीसं. आठवडाभर आणखी चिंतन केलं असतंस, तर प्रुइटला धुऊन वाळत घातला असता."

ती हसली नाही. फक्त मान हलवली, आणि कोर्टाला कारण कधीपर्यंत दाखवायचं ते विचारलं. शुक्रवार, मी म्हटलं.

परतताना वाटेत थांबून तळलेला मासा घेतला. वेंडेलने खाल्ला नाही. एरवी माझ्याही ताटातला उचलतो. काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही.

१९ मार्च, गुरुवार

सकाळी वेंडेलचा फोन. काल जेवणाच्या रांगेत ओडेसाने दुधाचा अख्खा डबा प्रुइटच्या डोक्यावर ओतला. मग स्वतःच हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. साठ दिवसांची एकटीची कोठडी दिलीय. आत जाताना निरोप ठेवला: "मिस आयलीनना सांगा, मी परत आत आहे. आता चालवा."

उद्या कोर्टात दाखवायला कारण आहे. तिला ते मी सुचवलं, हसत हसत.