नानांच्या गाडीचा पिवळा दिवा

दि. ३ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. इकडील सर्व क्षेम, नानांची गाडी वगळून. तिचा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि चढाला ती गचके खाते. दोनदा इथल्या गॅरेजात नेली, दोन्ही वेळा दिवा नेमका विझलेला. मिस्त्रीने स्कॅनर लावला आणि बिघाडाचा एकही कोड साठलेला नाही म्हणाला. दुसऱ्या खेपेला तर तो असा पाहत होता, जणू बिघाड गाडीत नसून चालकात आहे. धूर तिथे वह्नी, असं आम्ही मुलांना शिकवतो. इथे धूर भरपूर, वह्नी बेपत्ता.

थट्टा बाजूला. नाना नातीला याच गाडीतून शाळेत सोडतात. वर्गात माझं चित्त थाऱ्यावर नसतं. गाडी विकून टाकू म्हटलं, तर आधी मला विक म्हणाले. गॅरेज तू चालवतेस, निवाडाही तूच कर.

लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर वाढेल.

दादा

दि. ७ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. शास्त्र तुझं बरोबर आहे. वह्नी कुणीतरी विझवून ठेवतंय. त्या जुन्या गाडीत बॅटरीची तार काढली की सगळे कोड पुसले जातात आणि घड्याळही बारावर येतं. गॅरेजात नेलीस तेव्हा घड्याळ काय दाखवत होतं, आठव. पाहुणे दारात आले की पसारा पलंगाखाली ढकलणारे आपले नाना. दुसरा कुणाचा हात असणार?

रागावू नकोस. स्कॅनर मागून आण, दिवा लागला की गुपचूप लाव. ज्या सिलिंडरचा आकडा येईल, त्याची ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल शेजारच्यावर चढव. आकडाही सरकला तर कॉइल खराब, तेवढी बदल. विकायची भाषा मात्र बंद, त्या धाकानेच ते पुसायला लागले. आणि डॉक्टरांकडे जाताना नाना काय काय पुसून जातात, तेही विचार.

वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी असू द्यावी.

धाकटी

दि. १९ जून

चि. धाकटीस,

अ. उ. आ. घड्याळ दोन्ही वेळा चुकलेलं होतं. मला वाटलं, म्हातारं झालंय. नाना आंघोळीला गेलेले पाहून स्कॅनर लावला. तिसरा सिलिंडर ठिणगी चुकवतो, असा कोड निघाला. कॉइल दुसऱ्यावर चढवली, तर दोष एकनिष्ठ शिष्यासारखा तिच्यामागे गेला. नवी बसवली, गाडी आता निमूट चढ चढते.

मग नानांना सांगितलं, काही झालं तरी गाडी राहणार. तेव्हा कबूल झाले, तार तेच काढत होते. डॉक्टरांकडे आपण तोंड धुऊन जात नाही का, म्हणाले. तुझा प्रश्न विचारला, तर चष्मा पुसत म्हणाले, बरेच दिवस उठताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय. सांगितलं असतं तर किल्ली गेली असती ना.

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि अंधारी थांबेपर्यंत गाडी चालवणं बंद केलं. किल्ली नानांनी आपण होऊन माझ्या हातात दिली. मी ती त्यांच्याच खुंटीला परत लावली. शाळेत मी सोडतो, ते शेजारी बसून माझे गिअर सुधारतात.

आता रोज चहाला स्वतःचे कोड वाचून दाखवतात: गुडघा, झोप, अंधारी, पोट, विशेषतः पोट, सविस्तर. तुझी वहिनी विचारते, यातले थोडे पुसायची काही सोय आहे का.

ते कळव, आणि लोभ साठवून ठेव.

दादा