निवडून न येणारा उमेदवार

प्रिय तायडे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण आई फोन स्पीकरवर टाकते आणि मग चाळीची अख्खी गॅलरी आपलं बोलणं ऐकते. तू दिलेलं काम गॅलरीसमोर करण्यासारखं नव्हतं. म्हणालीस, मेलबर्नला शपथेची तारीख आली, ती घेतली की मी ऑस्ट्रेलियाची आणि इकडचा पासपोर्ट परत द्यायचा, हे बाबांना तूच सांग. वर हेही म्हणालीस की बाबा नको म्हणाले तर शपथ घेणार नाही, मग शंतनुभावोजी काही का म्हणेनात. एवढं ओझं माझ्या डोक्यावर? मला घरातून कोणी दही आणायलाही पाठवत नाही, कारण मी परत कधी येईन याचा भरवसा नसतो.

सध्या मी कफ परेडला मच्छीमार नगरात असतो, रामूकडे. रामू म्हणजे मनालीच्या बस स्टँडवर भेटलेला तो कोळी पोरगा, बर्फ बघायला आला होता आणि दोन दिवसांत समुद्राच्या आठवणीने रडकुंडीला आला. त्याच्या आईला बोंबील वाळत घालायला मदत करतो. समोर ते उंच उंच टॉवर आणि खाली दोरीवर तोंडात तोंड अडकवलेले बोंबील, बघत बसावंसं वाटतं. त्याआधी हिंदमाताला साड्यांच्या दुकानात होतो, पण तिथे दिवसभर साड्या उलगडायच्या, घड्या घालायच्या, परत उलगडायच्या. नाही जमलं. आता घरी गेलो की आई शर्ट दाराबाहेर काढायला लावते. बाबा मात्र विचारतात, बोंबील आणलेस का.

बघ, कुठे चाललो मी. बाबांचं सांगत होतो.

यंदा पालिकेची निवडणूक लागली आणि मला आपल्या लहानपणीची मतदानाची सकाळ आठवली. बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे, उमेदवारांचा कागद खाटेवर पसरायचे आणि आपल्याला विचारायचे, कुठली निशाणी? अट एकच, निवडून येणारा नको. गिरणी बंद पडली तेव्हा सगळे झेंडे येऊन गेले आणि कोणी काही केलं नाही, म्हणून बाबांचं मत त्यालाच ज्याला कोणी विचारत नाही. तू छत्री म्हणायचीस, मी नारळ. एकदा तू फुगा निवडलास. निकालानंतर तो फुगेवाला उमेदवार पेढे घेऊन चाळीत आला होता, आठवतं? आपल्या केंद्रावर त्याला एकच मत पडलं होतं आणि तो देवमाणूस कोण, हे शोधत दारोदार फिरत होता. बाबा म्हणाले, मतदान गुप्त असतं. पेढे मात्र ठेवून घेतले. मग तू शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीस की आमच्या बाबांनी फुग्याला मत दिलं, आणि वर्षभर तुला फुगा म्हणून चिडवलं. मला वाटायचं मतदान म्हणजे हेच, घरातल्या पोरांनी चित्र निवडायचं आणि बाबांनी जाऊन ते दाबायचं. ते मतदान करून आले की आपण बोटं पुढे करायचो आणि ते शाईचं बोट आपल्या बोटांवर चोळायचे. शाई उमटायची नाही, तरी आपण हात धुवायचो नाही.

यंदा चाळीने ठरवलं होतं, सगळ्यांनी नोटाचं बटण दाबायचं, म्हणजे यातला कोणीच नको. दहा वर्षं पुनर्विकासाचे बॅनर लागतायत आणि जिना तसाच हलतोय, म्हणून. तळमजल्यावरचा यशोधन चाळ समितीचा सेक्रेटरी झालाय. त्याने अंगणात खुर्च्या मांडून मीटिंग घेतली. सगळ्यांनी हात वर केले, बाबांनी नाही. यशोधन म्हणाला, जगदीशकाका, तुमचा तो ढोबळी मिरचीवाला येऊन जिना बांधणार का? लोक हसले. बाबा उठून म्हणाले, "आमचा राग पण यांनीच बटण करून द्यायचा काय? माझा मी शोधतो." आणि जिन्याने वर गेले. मला खूप हसू आलं आणि थोडं भरूनही आलं. सदुसष्ट वय झालं, गुडघे गेले, पण रागाच्या बाबतीत माणूस कोणाचं ऐकत नाही.

मीही यंदा पहिल्यांदा मत दिलं. दर वेळी मी कुठेतरी डोंगरात असायचो. बाबांनी वाटेत निशाणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही, मोठा झालो असेन कदाचित. परत येताना लालबागच्या पुलाजवळ कटिंग घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं.

आधी त्यांनी विचारलं, दोन्हीकडचं ठेवता येत नाही? म्हटलं, आपल्याकडे तसा कायदा नाही. तिकडची झाली की इकडची राहत नाही. पण एक कार्ड मिळतं, त्यावर जन्मभर येता येतं, हवं तेवढं राहता येतं, फक्त मत देता येत नाही. बाबांनी ग्लासातला चहा संपवला. मग म्हणाले, "म्हणजे राहायचं सगळं, फक्त चिडायचं नाही."

त्यांना पासपोर्टचं काही नव्हतं, तायडे. त्यांना काळजी ही की पोरगी आता चिडणार कोणावर. मग मी तू सांगितलेलं सगळं सांगितलं, की तिकडे मत दिलंच पाहिजे, नाही दिलं तर दंड होतो. आणि एकालाच मत देऊन सुटका नाही, जेवढे उभे तेवढ्यांना नंबर द्यायचे, एक, दोन, तीन, अगदी शेवटपर्यंत. ते त्यांनी परत सांगायला लावलं. म्हणजे सगळ्यात खाली कोणाला टाकायचं, हे पण आपण लिहायचं? म्हटलं हो. बाबा एवढे खूश झाले की चहावाल्यालाही समजावून सांगितलं.

मला वाटलं झालं. पण घरी येताना जिन्यात थांबले आणि आजीची गोष्ट काढली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. गिरणीच्या संपानंतर बाबांनी ठरवलं, काही झालं तरी मुंबई सोडायची नाही, आणि गावच्या मतदार यादीतलं नाव कापून इकडच्या यादीत घातलं. शेवंतीआजीला ते गावात कळलं. त्या गणपतीला बाबा गावी गेले तर तिने त्यांना पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली आणि पहिलं वाढलं. सकाळी बाबा कळशी घेऊन विहिरीवर निघाले तर हातातून काढून घेतली. "तू बस हंयसर, पाव्हण्यान पाणी काढूचा नसता." बाबा सांगताना हसत होते, पण कठडा धरून उभे होते. म्हणाले, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आजी जाईपर्यंत त्या घरात त्यांनी पाणी काढलं नाही.

हे पत्र मी मुद्दाम लांबवतोय, तुझ्या लक्षात आलंच असेल. बाबा नाही म्हणतील, तू अर्ज गुंडाळशील आणि कधीतरी सामान घेऊन परत येशील, असं मला आतून वाटत होतं. मी स्वतः कुठेही भटकतो, पण तू घरी असावीस असं वाटतं, आता काय करू. तर बाबा हो म्हणाले. शपथ घे, तारीख पुढे ढकलू नकोस. हे फोनवर सांगायला गेले तर त्यांचा आवाज बसेल आणि गॅलरीला कळेल, म्हणून मला लिहायला बसवलंय आणि स्वतः समोर बसून मी खरंच लिहितोय का ते बघतायत. आईने तुझ्यासाठी नवीन चादर, नवीन ताट काढून ठेवायचं मनात आणलं होतं, तेही त्यांनी बंद केलं. शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलंय तसंच लिहितो: अक्षता, कोणत्याही देशाची होऊन ये, इथे पाणी पहाटे साडेचारला येतं आणि पहिली बादली तुझी आहे.

तुझाच, आज तरी एका जागी बसलेला,
मयूर