उपासाच्या दिवशीची कॅप्सूल

शनिवार, संकष्टी

संध्याकाळी ह्यांचं पोट पुन्हा दुखलं. मागच्या संकष्टीलाही हेच. स्वादुपिंडाच्या आजारामुळे तूप-तेल पचत नाही, म्हणून डॉक्टरबाईंनी जेवणाबरोबर घ्यायची पाचक कॅप्सूल दिली आहे. रोज घेतात. मग उपासालाच का दुखावं?

विचारलं तर म्हणाले, "अगं, आज जेवलोय कुठे? म्हणून नाही घेतली."

वाटीभर दाण्याचं कूट घातलेली खिचडी, वर तूप. आणि म्हणे जेवलो नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, "खिचडीबरोबरही हवीच, पहिल्या घासाला. राहिली म्हणून रात्री दुप्पट घेऊ नका."

इतके दिवस हे म्हणत होते, बाप्पा परीक्षा बघतोय. वाटीभर कूट. बाप्पाने पेपर सोपाच काढला होता, ह्यांनीच कोरा दिला.